चौथ्या प्लॉटची नोंद

आमच्या बागेत लेबल वाचल्याशिवाय औषधाचा एक थेंब पडत नाही. हा माझा नियम आहे आणि तो एकोणीस वर्षं चालू आहे. द्राक्षं परदेशी पाठवायची म्हणजे फवारणीची वही ठेवावी लागते. कोणत्या तारखेला, कोणत्या प्लॉटवर, कोणतं औषध, किती मारलं आणि काढणीला किती दिवस बाकी, सगळं तिच्यात लिहायचं. घरात तेव्हा दहावी पास मी एकटीच, म्हणून वही माझ्याकडे आली, आणि हातात आलेली वस्तू मी सहसा परत देत नाही. दुकानदार म्हणतो, "ताई, हे मारून बघा, सगळे मारतात." मी बाटली फिरवते आणि मागची बारीक अक्षरं वाचते. त्यात द्राक्षाचं नाव नसेल तर बाटली परत. सगळे मारत असतील तर मारू देत.

मी चतुरा. वय छप्पन्न. दिंडोरीहून वणीला जाताना डाव्या हाताला आमचे तीन प्लॉट लागतात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं सासूबाईंनी शिकवलं होतं, पण वहीत शेतकऱ्याचं नाव लिहावंच लागतं, त्यामुळे माझी ती भीड केव्हाच मोडली. त्यांचं नाव धोंडीराम. माणूस चांगला, हाताने सढळ, आणि बागेतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं आमच्या शिवारात कोणाला कळत नाही. पान वरून बघून भागत नाही, उलटून बघायचं असतं, हे मला त्यांनीच शिकवलं. डाऊनी म्हणून एक रोग आहे. पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा डाग पडल्यासारखा पिवळट ठिपका दिसतो, एवढंच. खालून मात्र पांढरी बुरशी धरलेली असते. वरून पाहणारा फसतो आणि चार दिवसांत घड हातचे जातात.

तीन प्लॉटची पानं रोज उलटणाऱ्या या माणसाने स्वतःचा तळपाय मात्र कधी उलटून पाहिला नाही. आणि मीही नाही. हे आधीच कबूल करते, कारण पुढे मी त्यांना बरंच काही बोलणार आहे.

त्यांना शुगर निघाली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, आणि चहात साखर नाही. चहाची साखर त्यांनी सोडली, लग्नाच्या पंगतीतली जिलबी सोडली नाही. बरं चाललं होतं असं आम्ही दोघं समजत होतो.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचं हे त्यांचं तरुणपणापासूनचं व्रत. आमच्याकडे पुष्कळ जण राहतात. गेल्या वर्षी छाटणी नेमकी त्याच दिवसांत आली. बागेत कापलेल्या काड्यांचा नुसता सडा, एकेक टोक तिरकं आणि धारदार. मी म्हटलं, निदान बागेत तरी चप्पल घाला, देवी काही तपासायला येत नाही.

"पायाला सवय हाय," ते म्हणाले. "मला काय लागत नाय."

खरंच लागत नव्हतं. शेवटच्या माळेला ते पायी देवीच्या गडावर जाऊन आले आणि एकदाही 'आई गं' म्हणाले नाहीत. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू? शेजारणीला मी सांगितलंसुद्धा की आमच्या यांचे पाय म्हणजे जुनं सागवान आहेत.

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी आंघोळ करून ते ओल्या पायांनी देवघराकडे गेले आणि मी फडकं घेऊन त्यांच्या मागे फरशी पुसायला वाकले. पावलांचे ठसे उमटले होते. उजव्या पावलाच्या प्रत्येक ठशात, अंगठ्याच्या मुळाशी, एक गुलाबी ठिपका होता. न्हाणीपासून देवापर्यंत मी सात ठिपके मोजले.

"पाय दाखवा," मी म्हटलं.

"पूजा चाललीय."

"देव थांबंल. पाय दाखवा आधी."

त्यांनी पाटावर बसून पाय वर केला. बंद्या रुपयाएवढी गोल जखम होती. कडेचं चामडं जाड आणि पिवळं, आणि मधला भाग ओला.

"कधीपासून हाय हे?"

"असंल आठ-दहा दिवस. दुखत नाय गं. दुखत नाय म्हंजी भरत आली. आन इलाज चालूच हाय की." असं म्हणून त्यांनी मोठ्या अभिमानाने मोबाइल माझ्यापुढे धरला.

आता हे आमच्याच लोकांना सुचू शकतं. द्राक्षवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पानावर डाग दिसला की फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, आणि पाच मिनिटांत डोस येतो. धोंडीरामांनी तळपायाखाली मोबाइल धरून जखमेचा फोटो काढला होता आणि तो दोन पानांच्या आणि एका घडाच्या फोटोच्या मध्ये टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'उपाय सुचवा'. चौतीस उपाय आले होते. शेजारच्या मळ्यातले केरूभाऊ, म्हणजे यांचे लहानपणापासूनचे दोस्त, त्यांनी हळद-चुन्याचा लेप सांगितला होता. कोणी कोरफड, कोणी मध, कोणी गोमूत्र. एका घाईतल्या माणसाने फोटो नीट न बघता ते वेलीचं खोड समजून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायला सांगितलं होतं, आणि त्यालाही सहा जणांनी 'लाइक' दिलं होतं.

मला हसू आलं. मग लगेच त्यांच्या पायाचा हळद-चुन्याचा वास आला आणि हसू गेलं.

"आन गोळ्या घेताय ना?"

ते निरांजनाची वात नीट करायला लागले. तीस वर्षांच्या वर संसार झालाय, मला एवढं वाचता येतं. मी उठून देवघराचा खण उघडला. अगरबत्तीच्या पुड्यामागे गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती, एकही गोळी न काढलेली.

"दिवाळीच्या पाडव्यापासून बंद केल्यात," ते म्हणाले. "आता गरज नाय. हे बघ." आणि त्यांनी एक व्हिडिओ लावला. पांढरा कोट घातलेला एक माणूस, मागे पुस्तकांचं कपाट. शुगर मुळासकट उपटून टाका, एकवीस दिवसांत गोळी विसरा, डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत. शेवटी त्याने टेबलाखालून एक डबा काढला आणि तो कुठे मिळेल ते सांगितलं.

पुढे जे मी केलं त्याचा मला अजून राग येतो. मी त्यांच्याच हातातून मोबाइल घेतला आणि संतापात टाइप केलं: 'शुगर पाय जखम पाय कापणे'. जे शोधलं तेच सापडलं. फोटो असे की आठवले तरी जेवण जात नाही. मी ते एकेक करून त्यांच्या तोंडासमोर धरले. "बघा. हे बघा. असा कापतात. घोट्यापासून. बसा मंग कुबड्या घेऊन बागेच्या बांधावर." तोंड सुटलं की मला आवरत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्या दिवशी मी माझ्या माणसाला वाचवायला बोलत नव्हते. मला फक्त जिंकायचं होतं.

ते उठले. पायात मोजे चढवले, वरून बूट घातले आणि बागेत गेले. त्या दिवसापासून ते मोजे काही निघाले नाहीत. झोपतानाही नाही. मी पाय म्हटलं की ते उठून जायचे. त्यांना कापलेले पाय दाखवून मी एवढंच साधलं होतं की आता मला त्यांचा पायही दिसत नव्हता.

असे तीन दिवस गेले. आभाळ भरून आलं. छाटणी होऊन दीड महिना झालेला आणि त्यात ढगाळ हवा, म्हणजे डाऊनीला आमंत्रणच. चौथ्या दिवशी सकाळी फवारणी ठरली. आमच्याकडे दर वर्षी सुरगाण्याकडून कामाला येणारा फकिरा टाकीपाशी उभा होता. दुकानदाराने पाठवलेली नवी बाटली घेऊन मी शेडमध्ये बसले आणि सवयीप्रमाणे लेबल वाचायला लागले. कोणत्या पिकासाठी, कोणत्या रोगावर, पाणी किती, शेवटची फवारणी कधी, आणि अंगावर पडलं तर काय करायचं. कंपनीचं नाव, पत्ता, तारीख, सगळं जागच्या जागी.

वाचता वाचता मी थांबले. बाटलीला जे मी विचारते, ते मोबाइलला विचारलंच नव्हतं. त्यांनी नाही आणि मीही नाही. त्यांनी धीर देणारं तेवढं शोधलं होतं, मी भीती घालणारं तेवढं. दुकानात जाऊन "काहीतरी जहाल द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी नावं ठेवते, आणि मोबाइल हातात आल्यावर मी स्वतः तेच केलं होतं.

"मावशी, टाकी भरू का?" फकिराने विचारलं.

"थांब जरा दहा मिनिटं."

दहा मिनिटं म्हणाले, तास लागला. या वेळी मी प्रश्न जसा होता तसा लिहिला: वय बासष्ट, शुगर सहा वर्षं, तळपायाला जखम, दुखत नाही. बरंच काही वर आलं. आता मी लेबल शोधायला लागले. एका पानावर लिहिणाऱ्याचं नावच नव्हतं, ते सोडलं. एक छान होतं, पण शेवटी मलम विकायला काढलं, तेही सोडलं. एक फारच जुनं होतं. मग एका सरकारी रुग्णालयाने पेशंटसाठी काढलेली माहिती सापडली, लिहिणाऱ्या डॉक्टरांची नावं आणि तारीख खाली दिलेली. दुसरी मधुमेहाच्या डॉक्टरांच्या एका संस्थेची होती. दोघांची एकमेकांशी ओळख नसावी, पण मुद्द्याचं दोघांनी एकच सांगितलं होतं. शुगरने पायाची जाणीव मरते. म्हणून दुखत नाही. दुखत नाही हे बरं होण्याचं लक्षण नाही, तोच रोग आहे. अशा जखमेला वाट बघायची नसते, घरचं काही लावायचं नसतं, त्या पायावर भार द्यायचा नसतो, एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवायची असते. आणि लवकर दाखवली तर बहुतेक जखमा भरून येतात.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. पहिल्या दिवशीही ते कुठेतरी असणारच. मी त्याला जागाच ठेवली नव्हती.

तिथेच एक तपासणी दिली होती, घरी करता येण्यासारखी. माणसाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने बोटाच्या टोकाने पायाच्या बोटांना हलका स्पर्श करायचा. अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, दोन्ही पायांची मिळून सहा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. स्पर्श कळला की माणसाने उजवा की डावा ते सांगायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर जाणीव कमी झाली असं धरायचं आणि डॉक्टरला सांगायचं.

मी मोबाइल पदरात गुंडाळला आणि ओट्यावर गेले. धोंडीराम बूट घालून बसले होते, फवारणीला निघायच्या तयारीत.

"तुम्हाला काय वाटतं, पायाला कळतं का सगळं?" मी विचारलं. आवाज शक्य तेवढा मऊ ठेवला.

"झालं का तुझं सुरू?"

"भांडत नाय मी. परवा लय वाईट बोलले. नव्हतं बोलायला पाहिजे." हे वाक्य माझ्या तोंडून त्यांनी क्वचितच ऐकलं असेल, त्यामुळे ते माझ्याकडे बघतच राहिले. "एक गंमत करू. मोजे काढा. डोळे मिटा. मी बोट लावते, कळलं की उजवा का डावा तेवढं सांगा. सगळं बरोबर आलं तर मी परत पायाचं नाव काढणार नाय."

पैज म्हटलं की हा माणूस नाही म्हणत नाही. मोजे निघाले. उजव्याचा चिकटला होता, मी तो पाण्याने ओला करून सोडवला. जखम वाढली होती. त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला पाठ टेकली.

मी उजव्या अंगठ्याला बोट लावलं. ते गप्प. मधल्या बोटाला लावलं. गप्प. करंगळीला. मग डाव्या अंगठ्याला.

"लाव की आता," ते म्हणाले. "फकिरा खोळंबलाय तिकडं."

मी डाव्या मधल्या बोटाला स्पर्श केला.

"डावा!" ते लगेच म्हणाले. मग करंगळीलाही, "डावा. पुढं?"

"झाले सगळे."

"सगळे कसे? दोनच तर लावले."

"सहा लावले."

त्यांनी डोळे उघडले. मी परत उजव्या अंगठ्यावर बोट ठेवलं. या वेळी ते बघत होते. माझं बोट त्यांच्या अंगठ्यावर होतं आणि त्यांना फक्त दिसत होतं. मी तसंच राहू दिलं. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत हाताकडे. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पाहिला तसा कधी पाहिला नव्हता.

"गडावर गेलो तवा," ते हळू म्हणाले, "मला वाटलं आईनं बळ दिलं."

मला रडू आलं, आणि मी रडलेही. मग डोळे पुसले.

"दिलं असंल. आता ते डॉक्टरपर्यंत जायला वापरा."

त्यांनी बागेकडे पाहिलं. आभाळ आणखी उतरलं होतं. तो दिवस हुकला तर प्लॉट नंबर दोनवर काय होऊ शकतं हे आम्हा दोघांना पाठ होतं. मला वाटलं आता म्हणतील, फवारणी होऊ दे, चार दिवसांनी जाऊ. त्यांनी हाक मारली, "फकिरा! टाकी भर. ट्रॅक्टर तूच घे आज. मावशी प्रमाण सांगंल ते घाल, आन तोंडाला बांध." आणि मला म्हणाले, "गाडी बोलाव."

आमची लेक वैष्णवी नाशकात, इंदिरानगरला राहते. तिला फोन केला. तिने तासाभरात शुगरच्या पायांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंची दुपारची वेळ घेतली. गाडी येईपर्यंत मी फवारणीच्या वहीचं कोरं पान काढलं. तीन प्लॉट होते, म्हणून वर लिहिलं, 'प्लॉट नंबर चार: धोंडीराम'. खाली नेहमीचेच रकाने आखले. नवरात्र, अनवाणी नऊ दिवस. जखम दिसली ती तारीख. काय लावलं: हळद, चुना. स्पर्श: सहापैकी दोन. गोळ्यांच्या रकान्यात मी काहीच लिहिलं नाही. तो मी मुद्दाम कोरा ठेवला. शेवटी विचारायचे चार प्रश्न लिहिले, म्हणजे तिथे गेल्यावर भांबावायला नको.

डॉक्टरबाई माझ्या वैष्णवीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी पान हातात घेतलं आणि उभ्या उभ्या वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. फवारणीचं लिहिते तसंच."

"गोळ्यांचा रकाना रिकामा का आहे?"

मी धोंडीरामांकडे पाहिलं. ते खुर्चीत चुळबुळले. घरातल्या कोणासमोर त्यांनी चूक कबूल केलेली मला आठवत नाही.

"मी बंद केल्यात मॅडम," ते म्हणाले. "तेवीस दिवस झाले. व्हिडिओ बघून. हिची चूक नाय."

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. "ते कळलं नसतं तर माझा हिशोब चुकला असता." मग त्यांनी पायाची नाडी पाहिली, कडेचं जाड चामडं कापून काढलं, एक्स-रे केला, रक्त काढलं. चामडं कापताना धोंडीराम त्यांना बागेची माहिती सांगत होते. दुखत नव्हतं ना. मला ते बघवेना, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

हाड वाचलं होतं. आणखी दोन आठवडे गेले असते तर वाचलं नसतं, असं त्या म्हणाल्या. गोळ्या परत सुरू, एक वाढवलेली, पट्टी ठरलेल्या दिवशी बदलायची, आणि त्या पायावर भार न देणारा एक खास बूट. मग त्यांनी माझे प्रश्न वाचले. पहिल्या तिन्हींची उत्तरं दिली. चौथा होता: रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय किती वेळ बुडवायचा? त्यांनी लाल पेनाने तो खोडला.

"हे कुठे वाचलंत?"

"मोबाइलवर. एका ठिकाणी होतं."

"यांचा पाय पाण्यात बुडवायचा नाही. जखम मऊ पडते. आणि यांना पाणी गरम आहे की कोमट, हेच कळणार नाही. भाजेल."

माझे कान लाल झाले. दोन पानांचं लेबल मी वाचलं होतं, ही एक ओळ तिसरीकडून तशीच उचलली होती. बरं वाटणारी होती म्हणून. पण मी ती करायच्या आधी विचारली होती, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

निघताना मी विचारलं, ती बोट लावायची तपासणी घरी करत राहू का? "करा," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा. तळपाय मात्र रोज बघा, आरसा धरून. यांच्यावर सोडू नका."

"माझ्यावर सोडायचं नाय, हे हिला सांगायची गरज नव्हती," धोंडीराम म्हणाले आणि त्या दिवसातलं पहिलं हसू आम्हाला आलं.

जखम भरायला नऊ आठवडे लागले. सोपे नव्हते. रोज बागेत फिरणाऱ्या माणसाला बांधावर खुर्ची टाकून बसवलं की तो सगळ्या जगावर खेकसतो. प्लॉट दोनच्या एका कोपऱ्यात डाऊनी आली, काही घड गेले. त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मीही त्यांना समजावायला गेले नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी त्यांचे पाय मांडीवर घ्यायची, आरसा धरायची, बोटांच्या बेचक्या बघायची. सुरुवातीला त्यांना लाज वाटायची. बायकोने पाय धरणं त्यांना चालत होतं, पण असं उलटून-पालटून बघणं नाही. "मी काय पान हाय का?" म्हणायचे. मी म्हणायची, पान असतात तर एवढी कटकट नसती.

काढणीच्या आठवड्यात त्यांनी स्वतः ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकला. मला न विचारता. "मंडळी, पायाचा फोटो टाकला होता तो मीच. तुम्ही चौतीस उपाय दिले. एकानं बी इचारलं नाय की धोंडीराम, शुगर हाय का तुला. मी बी सांगितलं नाय. पानाचा फोटो टाकताना छाटणीची तारीख टाकतो आपण, आन माणसाचा टाकताना काहीच नाय." बोर्डोवाला गृहस्थ त्याच दिवशी ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडला, आणि संध्याकाळी केरूभाऊ आमच्या ओट्यावर आले. शुगर त्यांनाही होती, आठ वर्षांची. बराच वेळ द्राक्षाच्या गोष्टी केल्या. मग चपला काढून म्हणाले, "वहिनी, ते बोट लावायचं काय असतं, ते जरा माझं बी बघा." सहापैकी पाच कळली. तरी मी त्यांना दवाखान्यात धाडलं.

आता आमचा रविवार ठरलेला आहे. ओट्यावर बसायचं, त्यांनी डोळे मिटायचे, मी वही घेऊन समोर. सोपं जावं म्हणून आता मी नुसते आकडे म्हणते आणि बोट लावते, त्यांनी हाय की नाय सांगायचं. सुरुवातीला हा माणूस प्रत्येक आकड्याला "हाय" म्हणायचा. शाळेत पास व्हायचं असल्यासारखा. मला शंका आली. एका रविवारी मी हात मांडीवरच ठेवला आणि नुसतं म्हटलं, "एक."

"हाय."

"दोन."

"हाय. एकदम सपष्ट."

"बोट लावलंच नाय मी."

ते डोळे मिटूनच बसले. गालांवर लाली आली. मला वाटलं, चिडतील, मोजे चढवून निघून जातील. मी वाट बघत राहिले.

"मला वाटतं तुला वाईट वाटंल," ते म्हणाले, "म्हणून म्हणतो."

जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. लागत नाय, दुखत नाय, काय नाय. मला वाईट वाटू नये म्हणून. आणि मी ते सागवान समजून गावाला सांगत फिरले होते. मी वही खाली ठेवली, त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांत घेतला आणि सांगितलं की मला वाईट वाटायचंच असेल तर ते खरं ऐकून वाटू द्या.

मग परत सुरुवात केली. गेलेली जाणीव बहुतेक परत येत नाही, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, मीही दोन ठिकाणी वाचलं होतं, आणि आम्हा दोघांना ते माहीत होतं. मी उजव्या अंगठ्याला बोट लावलं.

"एक."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पाय जणू लांबून काही बोलतोय आणि ते कान देऊन ऐकताहेत, असा बराच वेळ गेला.

"नाय," ते म्हणाले. "नाय कळलं. लिही."